वाघाआधी झाड

चंद्रपूर सोडून मोहर्लीच्या रस्त्याला लागलं, की पहिले काही किलोमीटर सगळीकडे काळ्या रंगाचा अंमल असतो. दुर्गापूरच्या कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्राची धुरांडी, कोळशाचे ट्रक आणि त्यांच्यामागे उडणारी भुकटी. आगरझरी जवळ येते तसा साग दाटत जातो, इरई धरणाचं पाणी झाडांच्या फटींतून लकाकतं आणि आपण ताडोबाच्या दाराशी येतो. मार्च-एप्रिलात जलरंगांची पेटी घेऊन इथे येणाऱ्याची पहिली पंचाईत होते ती रंगांची. जंगल म्हटलं की हिरवं, ही समजूत बहुतेकांनी शहरातून बरोबर आणलेली असते. पेटीत सॅप ग्रीनचा कप्पा काठोकाठ भरलेला असतो. समोर मात्र वाळक्या सागपानांचा तांबूस तपकिरी सडा, गवताचा मळकट पिवळा, उघड्या फांद्यांचा जांभळट करडा आणि मधूनच एखादा पेटलेला पळस. कोशिंबाला पालवी फुटलेली असते, पण तीही लालभडक. ज्या रंगाच्या भरवशावर आलो, तोच इथे शोधत हिंडावं लागतं. या पंचाइतीतच मला या प्रवासाचं खरं मोल दिसतं, कारण जंगल कसं पाहावं याचा पहिला धडा ती देते.

जंगल आणि जंगलातली जनावरं जलरंगात उतरवू पाहणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: आधी झाड, मग जनावर. म्हणजे कागदावर झाडाची रेघ आधी ओढावी आणि वाघाची नंतर, एवढाच याचा अर्थ नाही. झाड नीट पाहिल्याशिवाय जनावर दिसतच नाही आणि झाडाशिवाय रंगवलेलं जनावर जंगलातलं उरत नाही, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे निसर्गचित्रांत झाड ही बहुधा मागे भरायची जागा असते. घाटावरचं देऊळ, वाड्याचा दरवाजा, बैलगाडी नेटकी काढायची आणि मागची रिकामी जागा हिरव्या ठिपक्यांनी भरून टाकायची. वन्यप्राण्यांच्या चित्रांत तर ही सवय आणखी पक्की होते: वाघाच्या मिशीचा केस न् केस मोजलेला, पण तो कशाखाली बसला आहे हे चित्रकारालाही सांगता येऊ नये. चित्राची ही उणीव पाहण्याच्या उणिवेतून येते. आणि ती भरून काढायला जलरंगाइतकं योग्य माध्यम दुसरं नाही, असं मला वाटतं. त्याची कारणं या रानातच, पायरीपायरीने सापडत जातात.

पहिली पायरी त्या दुर्मीळ हिरव्याची. एप्रिलात ताडोबाच्या उतारांवर नजर फिरवली, की करड्या-तपकिरी पसाऱ्यात गडद हिरव्याची एखादी वळणावळणाची पट्टी दिसते. ती जांभळांची आणि अर्जुनांची रांग असते, आणि तिच्या तळाशी नाला असतो. साग, सालई, धावडा पानं गाळून उन्हाळा काढतात. जांभूळ मात्र ओलाव्यापाशी मूळ धरून हिरवा राहतो. चित्रकाराने ही पट्टी इमानाने, जिथे आहे तिथेच आणि आहे तेवढीच रंगवली, तर नकळत त्याने पाण्याचा नकाशा काढलेला असतो. आणि उन्हाळ्यात पाण्याचा नकाशा म्हणजेच जनावरांचा नकाशा. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा वाघ दुपारभर पाण्यात बूड टेकून, सावलीखाली पडून असतो. सांबरं त्याच पट्टीच्या कडेने वावरतात. ज्याने सगळ्या रानावर सारखाच हिरवा फिरवला, त्याच्या चित्रात जनावराला बसायला कारणच उरत नाही. त्याने वाघ कुठेही ठेवला तरी चालतो, आणि कुठेही चालणारा वाघ हा चिकटवलेला वाघ असतो.

दुसरी पायरी खोडांची. ताडोबाच्या रानात पानांपेक्षा खोडांवरून झाड ओळखायला शिकावं लागतं, कारण वर्षातले कित्येक महिने पानं नसतातच. ऐनाचं खोड घ्या. काळपट राखाडी साल, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी ढलप्यांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी. ही साल जलरंगात काढायची तर सुरुवात काळ्यापासून करून चालत नाही. आधी फिक्या, उबदार करड्याचा एक वॉश सबंध खोडावर द्यायचा. उजेडाच्या बाजूला कागद जवळजवळ कोराच. तो वाळला, की अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला दुसरा, गडद करडा, अर्धकोरड्या ब्रशने खोडावरून ओढायचा. कागदाच्या खरबरीत दाण्यांवर तो तुटत जातो आणि ढलप्यांचा पोत आपोआप उमटतो. शेवटी ब्रशच्या टोकाने फक्त भेगा, त्याही सावलीकडच्या. धावड्याला हीच रीत लावली तर झाड फसतं. त्याचं खोड गुळगुळीत, फिकट, सावलीतही उजळ वाटणारं. कांडोळाचं त्याहून पांढरं, चांदण्यात चमकणारं, म्हणून लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्यासाठी खोडाला रंग लावायचाच नाही; मागचं रान गडद करत यायचं आणि खोड कागदातून उगवू द्यायचं. तीन झाडं, तीन वेगळ्या रीती. मी हे तपशिलात सांगतो आहे, कारण जनावर पुढे याच खोडांच्या सोबतीने उमटणार आहे.

जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगाच्या थरातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि परत डोळ्यांकडे येतो. म्हणून या माध्यमात पांढरा रंग लावत नाहीत, पांढरा राखतात. तेलरंगात किंवा पोस्टर कलरमध्ये चितळाचे ठिपके शेवटी वरून देता येतात. जलरंगात ते सुरुवातीपासून मनात धरून, त्यांच्याभोवतीने रंग वळवावा लागतो. आता झाडाखालची जमीन पाहा. विरळ पानांतून उतरलेले उन्हाचे कवडसे सावलीवर सांडलेले असतात आणि तेही रंगवताना तसेच राखावे लागतात. एकाच वॉशमध्ये, एकाच हाताने चित्रकार जमिनीवरचे कवडसे आणि चितळाच्या अंगावरचे ठिपके राखत जातो, तेव्हा त्याला उमगतं की निसर्गानेही हे दोन्ही एकाच हिशोबाने मांडले आहेत. चितळाचं अंग म्हणजे झाडाखालच्या उन्हा-सावलीचाच एक तुकडा आहे. सांबर सावलीच्याच रंगाचं, काळपट तपकिरी. वाघाच्या पाठीसाठी पिवळी माती आणि बर्न्ट सिएना मिसळून जो रंग करावा लागतो, तोच सागाच्या वाळक्या पानांसाठी करून ठेवलेला असतो. उभे पट्टे बांबूच्या बेटातल्या सावल्यांशी मिळतात. आपल्याला वाघ केशरी दिसतो, पण हरणवर्गातल्या प्राण्यांची नजर दोनच मूळ रंगांवर चालते आणि त्यांना केशरी व हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. चितळाच्या डोळ्यांपुढे वाघ म्हणजे पट्ट्या-पट्ट्यांचं रानच. हे पुस्तकात वाचून कळतं, पण एकाच बशीतल्या रंगाने पान आणि पाठ दोन्ही रंगवताना ते हाताला कळतं, आणि हाताला कळलेलं सहसा विसरत नाही.

तिसरी पायरी नात्यांची. मोहाच्या झाडाखाली मार्च-एप्रिलात पहाटे फुलांचा सडा पडतो. फुलं मांसल, फिकट पिवळसर, वासाने ओळखू येणारी. गावातली माणसं टोपल्या घेऊन ती वेचतात, तशीच चितळं, सांबरं आणि अस्वलंही त्यांच्यासाठी येतात. वानरं झाडावर पाला-फळं खाताना अर्धं खाली टाकतात, म्हणून खाली चितळं चरतात; आणि वरच्या वानराला वाघ आधी दिसतो, म्हणून त्याची खाकर चितळांच्या उपयोगी पडते. अस्वलाच्या नखांचे ओरखडे खोडावर असतात, सांबराच्या शिंगांनी घासलेली साल असते, वाघाने हद्दीची खूण म्हणून ओरबाडलेलं खोड असतं. जनावर समोर नसताना झाड त्याची हकीकत सांगत असतं. चित्रकाराने झाडापाशी तासभर बसून साल, फांद्यांची ठेवण आणि खालचा सडा टिपला, तर चित्रात जनावर आलं नाही तरी त्याचा वावर येतो. उलट जनावरापासून सुरुवात करणाऱ्याच्या चित्रात यातलं काहीच येत नाही. त्याचं वानर फांदीवर बसलेलं असतं, पण ती फांदी कशाची, आणि तिथे ते का बसलं आहे, याचं उत्तर चित्रापाशी नसतं.

इथे इतिहासातून एक भक्कम आक्षेप उभा राहतो. भारतातली प्राण्यांची उत्तमोत्तम चित्रं तर झाडाविनाच आहेत. जहांगिराचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने १६२१ मध्ये काढलेला झेब्रा जवळजवळ मोकळ्या पार्श्वभूमीवर उभा आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहाकडे आणलेल्या नवलाच्या पशुपक्ष्यांत टर्की कोंबडा होता. मन्सूरने रंगवलेला टर्कीही तसाच, आगापिछा नसलेला. आपल्या पुण्यातही हेच दिसतं. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथला गेंडा १७९० मध्ये गंगाराम तांबट यांनी चितारला. आज ते चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कातडीच्या वळ्या आणि अंगाचा भार इतका अचूक, की त्या चित्रकाराच्या नजरेपुढे मान लवावी. मग झाडाचा एवढा आग्रह कशाला? माझं उत्तर असं, की ही चित्रं माझ्याच बाजूने साक्ष देतात. झेब्रा आफ्रिकेतून नजराणा म्हणून आलेला होता आणि दरबारातल्या काहींना तर त्याचे पट्टे कुणीतरी रंगवले असावेत असं वाटलं होतं. टर्की समुद्रापलीकडचा. गेंडा कैदेतला. ज्यांचं रान मागेच सुटलं होतं, त्यांच्यामागे झाड कुठलं काढणार? त्या चित्रकारांनी खोटं झाड जोडलं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आणि याच मन्सूरने सरडा रंगवला तेव्हा तो फांदीवर, पानांमध्ये रंगवला. सरड्याच्या अंगाचा हिरवा आणि पानांचा हिरवा एकमेकांना बिलगलेले आहेत, कारण त्या प्राण्याची सारी गोष्टच त्या बिलगण्यात आहे. मोकळा कागद कैदेतल्या प्राण्यासाठी खरा होता. मोकळ्या प्राण्यासाठी तो अपुरा आहे.

याच आक्षेपाचं दुसरं रूप शास्त्रीय चित्रांचं. पुण्याजवळ दापोडीला अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखालच्या वनस्पती उद्यानात १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने वनस्पतींची जलरंगचित्रं काढली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, त्याचं नाव कागदावर राहिलं नाही. डहाळी, फूल, फळ, कोऱ्या कागदावर. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं तेव्हापासून पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्या रंगीत चित्रांवरून पक्षी ओळखायला शिकल्या. त्या चित्रांत पक्ष्याच्या डोळ्यावरची रेघ आणि शेपटीची कडा महत्त्वाची, रान गौण. हे मला पूर्ण मान्य आहे. ओळख पटवण्यासाठी वस्तू वेगळी काढून पाहावी लागते, जसा शब्दकोशात शब्द सुटा असतो. पण भाषा शब्दकोशात बोलली जात नाही. वेगळं काढून पाहण्याची ती शिस्त चित्रकाराने जरूर शिकावी. चोच, खूर, कानाची ठेवण प्राणिसंग्रहालयात आणि संग्रहालयातल्या नमुन्यांवरून पक्की करावी. मात्र तो शब्द वाक्यात घालायचा, तर वाक्य झाडाचंच असतं. गिब्सन यांचंच उदाहरण पाहा: दापोडीची चित्रं काढली जात होती त्याच १८४७ सालापासून ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक होते आणि जंगलतोडीविरुद्ध सरकारला सावध करत होते. डहाळीकडे इतक्या बारकाईने पाहणं आणि सबंध रानाची काळजी वाहणं, ही दोन्ही कामं एका माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी नांदली.

आजच्या माणसाचा आक्षेप सरळ कॅमेऱ्याचा. सेकंदाच्या हजाराव्या भागात जे अचूक टिपता येतं, त्यासाठी तासभर ब्रश कशाला चालवायचा? कॅमेऱ्याची थोरवी मी नाकारत नाही. वाघांच्या पट्ट्यांवरून त्यांची गणती आज कॅमेऱ्याच्या बळावरच होते. तिथे जलरंग काही कामाचा नाही. पण पर्यटकाच्या हातातलं लांब नळीचं भिंग काय करतं ते पाहावं. ते वाघाला जवळ ओढतं आणि त्यासाठी मागचं-पुढचं सगळं रान धूसर लगद्यात विरघळवतं. छायाचित्रकार त्या मऊ धूसरपणाला चित्राचं सौंदर्य मानतात. म्हणजे वाघ स्पष्ट व्हावा म्हणून ऐन, धावडा, बांबू यांना पुसून टाकणं, हे त्या चित्राचं तंत्रच आहे. जलरंगात धूसर करता येत नाही असं नाही. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की तो पसरतोच. पण तिथे काय विरघळू द्यायचं आणि काय ठाम ठेवायचं, हे एकेका फांदीगणिक ठरवावं लागतं. भिंग अंतर पाहून पुसतं, चित्रकाराला अर्थ पाहून पुसावं लागतं. त्या निवडीसाठी त्याला आधी झाड कळावं लागतं. छायाचित्र काढून झाल्यावरही झाडाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. चित्र मात्र झाड न कळता पुरं होत नाही.

यावर व्यवहारी माणूस विचारेल, की सफारीच्या जिप्सीत हे सगळं जमणार कसं? गाडीतून उतरायला मनाई, गाडी हिंदकळणार, वाघ दिसला तर मिनिटभर आणि न दिसला तर दिवसभर नाही. शिवाय एप्रिलच्या झळांत वॉश अर्ध्यातच वाळून त्याची कडा फुटते आणि जलरंगात चूक दुरुस्त होत नाही. आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याचं सगळ्यात व्यवहारी कारणही तोच आहे: जनावर थांबत नाही, झाड थांबतं. ताडोबाचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे, पण त्याभोवतीचं बफर क्षेत्र ११०० चौरस किलोमीटरांहून मोठं. तिथल्या गावांच्या शिवारात, रस्त्याकडेला, इरईच्या पाण्याच्या बाजूला तोच साग, तोच मोह, तोच ऐन उभा आहे. गावकऱ्यांना विचारून, दिवसाउजेडी, माणसांच्या वावरात बसून झाडांचा अभ्यास तिथे निवांत करता येतो. सफारीत फक्त पेन्सिल आणि छोटी वही न्यावी; मोबाइल न्यायला बंदी असलेल्या गाभ्यात वहीची आडकाठी कुणाला नसते. जनावराच्या चार-सहा रेषा पुरतात, कारण त्याला उभं करायला झाड आधीच हातात तयार असतं. वाळण्याच्या वेगालाही वश करता येतं. उन्हाळी दुपारी कडा फुटतात, तर त्या वेळी उन्हाच्या कठोर सावल्याच रंगवाव्यात, तिथे फुटलेली कडा शोभते. हिवाळ्यातल्या दवभरल्या सकाळी कागद ओला राहतो, तेव्हा तळ्यावरचं धुकं रंगवावं. अंधार जमत नाही म्हणणाऱ्यांनी सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवावं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या त्या जलरंगचित्रात दिवा झाकून धरलेल्या स्त्रीभोवतीचा अंधार किती सखोल आहे! बांबूच्या बेटाखालची सावली त्याच संयमाने, थरावर थर चढवत मिळते.

या माध्यमाचं रानाशी आणखी एक नातं आहे, ते साहित्यातलं. जलरंग कागदाला धरून राहतो तो डिंकामुळे, आणि डिंक म्हणजे झाडाचाच चीक. परदेशी नळीतला डिंक आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीचा असतो. आपल्या घरच्या लाडवांत पडतो तो धावड्याचा डिंक याच विदर्भाच्या रानांतून येतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो. पळसाची फुलं पाण्यात उकळली तर केशरी उतरतो. हे रंग उन्हाने उडतात, म्हणून चित्रासाठी भरवशाचे नाहीत, पण झाडात रंग कुठे दडलेला असतो याची जाण त्यातून येते. आणि साहित्याबद्दल बोलताना एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बाजारात काही ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. टोक धरतात, लवचीक असतात, म्हणून चित्रकारांना ते आवडत आले आहेत. त्यासाठी मुंगसं मारली जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा आहे. ज्या हाताने रानातलं जनावर रंगवायचं त्या हातात मारलेल्या जनावराचे केस असणं ही चित्राशीच प्रतारणा आहे. चांगले कृत्रिम केसांचे ब्रश आज सहज मिळतात. ब्रश कशाचा, हे दुकानात विचारणं ही वन्यजीव चित्रकाराची पहिली रेघ असायला हवी.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. वाघ होता म्हणून हे रान वाचलं. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाल्यापासून देशभर जंगलं राखली गेली ती वाघाच्या नावावर. मोहर्ली-कोलाऱ्याच्या तरुणांना वाटाड्या म्हणून, जिप्सीचालक म्हणून रोजगार मिळतो तोही वाघाच्याच ओढीने. झाडांसाठी कोण तिकीट काढतं? मग चित्रकाराने वाघाला दुसऱ्या जागी बसवणं हा कृतघ्नपणा नाही का? मी एवढंच म्हणेन, की वाघाचं नाव पुढे केलं ते त्याच्या आडोशाने सबंध रान वाचावं म्हणून. आडोसाच तेवढा लक्षात राहिला आणि रान विसरलं, तर हेतू फसला. मार्चात मोह पाडला गेला तर अस्वल उपाशी. नाल्याकाठचे जांभूळ-अर्जुन गेले तर वाघाची दुपार गेली. बांबू चाळीसेक वर्षांतून एकदा फुलतो आणि बेटंच्या बेटं वाळून जातात, तेव्हा रानाचा सगळा आडोसाच बदलतो. वाघाच्या भवितव्याची चिंता असणाऱ्याला झाडांकडे पाहावंच लागतं. पर्यटकाला हे भाषणाने पटत नाही, पण चित्राने पटू शकतं, कारण चित्रापुढे माणूस थांबतो.

आणि हे काही मी नव्याने सांगतो आहे असंही नाही. इथल्या मूळ रहिवाशांना ते ठाऊक आहे. गोंड चित्रकलेत हरणाच्या शिंगांना फांद्या फुटतात, झाड आणि जनावर एकाच रेषेत वाढत जातात. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांनी ती रेषा कागदावर आणून जगापुढे ठेवली. खुद्द या रानाचं नावही हीच गोष्ट सांगतं. मोहर्लीहून आत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गोंड राजवटीच्या काळातले दगडी खांब एकामागून एक उभे आहेत. तो रस्ता तळ्यापाशी पोचतो. वाघाशी झुंजताना मारल्या गेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाची कथा इथे सांगतात. तोच पुढे देव झाला, ताडोबा झाला. त्याचं ठाणं तळ्याच्या काठी एका मोठ्या झाडाखाली आहे आणि पौषात आदिवासी तिथे जत्रेला येतात. माणूस, वाघ, पाणी आणि झाड ही चारही त्या एका जागेत आहेत, आणि बाकीच्या तिघांना जागा दिली आहे ती झाडाने. या तळ्याचं चित्र काढायचं तर सुरुवात त्या झाडापासूनच करावी लागते. त्याची सावली पडल्याशिवाय ठाणं दिसत नाही, आणि पाण्याच्या कडेला उन्हात पडलेली मगर ही त्या सावलीपलीकडच्या उजेडात राखलेला कागदाचा एक चिंचोळा तुकडा असते.

संध्याकाळी फाटकावर परतणाऱ्या गाड्यांची एकमेकींशी गाठ पडते तेव्हा एकच प्रश्न इकडून तिकडे जातो: वाघ दिसला का? हो किंवा नाही, एवढ्यावर उत्तर संपतं आणि दिवसही संपतो. जलरंगाची वही घेऊन आलेल्याने त्या प्रश्नाला एक पुढचा प्रश्न जोडावा: कुठल्या झाडाखाली? ज्याने वाघ पाहिला त्याला उत्तर आठवावं लागेल, आणि बहुतेकदा आठवणार नाही. ज्याला वाघ दिसलाच नाही, त्याच्या वहीत मात्र कदाचित नाल्याकाठचा जांभूळ असेल, त्याखालची ओली माती असेल आणि मधोमध रंग न लावता सोडलेली, बसण्यापुरती जागा.